पालक म्हणजे नक्की कोण?

प्रश्न: शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतो "पालकांनी सभेला यावं" आणि वर्ग भरतो सगळा आयांनी. शब्दात तर आई-बाप असं काहीच नाही, मग ही विभागणी आली कुठून?

उत्तर १: कायद्यातच होती की. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक बाप, त्याच्यानंतर आई. १९९९ ला गीता हरिहरन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की "नंतर" म्हणजे तो मेल्यावरच असं नाही, तो लक्ष घालत नसेल तरी आई पालक. तोवर राबायचं आईने आणि सही बापाची!

उत्तर २: रजेचंही तेच, केंद्र सरकारी नोकरीत पितृत्व रजा १५ दिवस आणि बाल संगोपन रजा ७३० दिवस, ती मिळते बायकांना नि एकट्या बापांना. म्हणजे घरात बायको असेल तर संगोपन तिचंच, हे चूक आहे.

उत्तर ३: माउली विसरलात का? ज्ञानोबा माउली, विठूमाउली, वारीत तर मिशीवाल्या काकांनाही "माउली, जरा सरका". जीव लावणाऱ्या पुरुषाला आईचं नाव देतो हे मला फार आवडतं, पण बापाच्या मायेला स्वतःचा शब्द नाही हे खुपतंच.