ईएन मानक विकत घ्यायचे कोणाकडून : डीआयएन, पीएन की ईव्हीएस?

प्रश्न : हिंगण्याचा यंत्रकार

नमस्कार. हिंगणा एमआयडीसीत आमचा संत्री धुण्याची आणि त्यांची प्रतवारी करण्याची यंत्रे बनवणारा लहान कारखाना आहे. पोलंडमधील एका खरेदीदाराने करारात ईएन आयएसओ १२१०० (यंत्रसुरक्षा) आणि ईएन ६०२०४-१ (यंत्राची विद्युत उपकरणे) या दोन ईएन, म्हणजे युरोपीय, मानकांचे पालन करण्याची अट घातली आहे. ही मानके विकत घ्यायला गेलो, तेव्हा एका ठिकाणी 'डीआयएन ईएन', दुसऱ्या ठिकाणी 'पीएन-ईएन', तर तिसऱ्या ठिकाणी 'ईव्हीएस-ईएन' अशी नावे दिसली आणि तिन्हींचे दर निरनिराळे निघाले. ब्रुसेल्समधील मूळ संस्था मात्र स्वतः काहीच विकत नाही. यांपैकी खरे मानक कोणते समजायचे?

दुसरी गोष्ट सांगायला थोडा संकोच वाटतो. मागच्या वर्षी एका सल्लागाराने आम्हाला 'पीआरईएन' असे लिहिलेली एक पीडीएफ दिली आणि आम्ही तिच्यावरून सुरक्षा-जाळीची मापे ठरवून जाळ्या कापूनही घेतल्या. नंतर प्रसिद्ध झालेल्या मानकात ते अंतर बदललेले निघाले. असे का होते, हे कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर : धरमपेठ, निवृत्त अभियंता

डीआयएन जर्मनीचे, पीएन पोलंडचे आणि ईव्हीएस एस्टोनियाचे. आपण पाहिलेल्या तिन्हींत मजकूर एकच आहे, फक्त मुखपृष्ठे आणि राष्ट्रीय प्रस्तावना वेगळ्या आहेत. ईएन मानके तयार करणाऱ्या, आपण म्हणता त्या ब्रुसेल्समधील सेन (स्थापना १९६१) आणि विद्युत क्षेत्रासाठीची सेनेलेक (१९७३) या संस्थांचे सदस्य म्हणजे ३४ देशांच्या राष्ट्रीय मानक संस्था. त्यांत युरोपीय संघाचे २७ देश आहेतच, शिवाय ब्रिटन, नॉर्वे, स्वित्झर्लंड, तुर्किये यांच्यासारखे संघाबाहेरचे देशही आहेत. मानक संमत झाले की प्रत्येक सदस्याला ते जसेच्या तसे आपले राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध करावे लागते (मुदत बहुधा सहा महिन्यांची असते) आणि त्याच्याशी विसंगत असलेले जुने राष्ट्रीय मानक ठरलेल्या तारखेपर्यंत मागे घ्यावे लागते. ज्या देशाने मतदानात विरोध केला असेल, त्यालाही यातून सुटका नाही. मला तर या व्यवस्थेचा खरा कणा हाच वाटतो, कारण ही सक्ती नसती, तर प्रत्येक सीमेवर यंत्राची तपासणी नव्याने करावी लागली असती.

आता आपल्या 'पीआरईएन'बद्दल, म्हणजे मसुद्याबद्दल. प्रस्ताव एखाद्या राष्ट्रीय संस्थेकडून, उद्योगाकडून किंवा युरोपीय आयोगाच्या औपचारिक विनंतीवरून येतो. तो स्वीकारला गेला की त्या विषयावर स्वतःचे स्वतंत्र मानक लिहिण्याचे काम सदस्य देशांना थांबवावे लागते. तांत्रिक समितीचे सचिवालय कोणत्यातरी एका राष्ट्रीय संस्थेकडे असते, उदाहरणार्थ यंत्रसुरक्षेच्या सेन/टीसी ११४ या समितीचे सचिवालय जर्मनीच्या डीआयएनकडे आहे. प्रत्यक्ष मजकूर कार्यगटातील तज्ज्ञ लिहितात. तो तयार झाला की 'पीआरईएन' या नावाने १२ आठवड्यांसाठी जाहीर अभिप्रायाला जातो, आणि तेथून राष्ट्रीय संस्थांमार्फत आलेल्या प्रत्येक सूचनेवर समितीला निर्णय घ्यावा लागतो. आपल्या जाळीचे अंतर बदलले असेल, तर याच टप्प्यावर बदललेले असण्याची शक्यता अधिक. त्यानंतर 'एफपीआरईएन' हा अंतिम मसुदा ८ आठवड्यांच्या मतदानाला जातो. तेथे केवळ होकार किंवा नकार द्यायचा असतो, आणि मतांना देशाच्या आकारानुसार वजन असल्यामुळे जर्मनी आणि माल्टा यांचे पारडे सारखे नसते. अभिप्रायाच्या टप्प्यावरच संमती मिळाली आणि तांत्रिक बदल करावा लागला नाही, तर हे अंतिम मतदान वगळताही येते. प्रस्तावापासून प्रसिद्धीपर्यंत सर्वसाधारणपणे तीन वर्षे जातात.

थोडक्यात, पीआरईएन वाचावा जरूर, पण त्याच्यावरून पत्रा कापू नये.

उत्तर : विद्युत पॅनेलवाला, बुटीबोरी

वरच्या उत्तराला सालांची एक पुस्ती जोडतो, कारण खरेदी करताना माणूस तेथेच अडखळतो. ईएन ६०२०४-१ हे मुळात आयईसीचे, म्हणजे विद्युत क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे, मानक. आयईसीची आवृत्ती २०१६ची आणि ईएनची २०१८ची, कारण सेनेलेकने ते काही फेरफार करून स्वीकारले. आयईसीचा मजकूर फेरफार न करता घेतला गेला, तर अलीकडे क्रमांकाआधी 'ईएन आयईसी' असे लिहितात. येथे नुसते 'ईएन' आहे, एवढ्यावरूनच मजकुरात फरक असल्याचे ओळखता येते. म्हणून आयईसीची प्रत हाताशी आहे, तेव्हा तिच्यावरच काम भागेल, असे समजू नका.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. या मानकात विद्युत उपकरण ५ ते ४० अंश सेल्सिअस तापमानात नीट चालले पाहिजे, अशी किमान अपेक्षा आहे. आपण मे महिन्यात हिंगण्यात चाचणी घेतलीत आणि पारा ४५च्या वर असताना पॅनेल ट्रिप झाले, तर त्यावरून मानकाचा भंग झाला असे ठरत नाही. मात्र खरेदीदाराचे प्रतिनिधी त्या दिवशी समोर उभे असतील, तर हे त्यांना पटवणे अवघड जाते, हा स्वानुभव आहे.

उत्तर : निर्यात-दस्तऐवज

मानक प्रसिद्ध होणे आणि त्याला कायद्याच्या दृष्टीने वजन येणे, या दोन वेगळ्या घटना आहेत. ईएन मानके मुळात ऐच्छिक असतात. परंतु आयोगाच्या विनंतीवरून तयार झालेल्या मानकाचा संदर्भ युरोपीय संघाच्या अधिकृत राजपत्रात छापला गेला की ते पाळणारे यंत्र कायद्याच्या संबंधित मूलभूत अटी पूर्ण करते, असे गृहीत धरले जाते. ही चौकट २०१२च्या १०२५ क्रमांकाच्या विनियमात आहे. मानक बाजारात आले आणि राजपत्रातील नोंद मात्र कित्येक महिने लांबली, असे घडू शकते. म्हणून नवी आवृत्ती दिसताच जुनी फेकून देण्याऐवजी आधी राजपत्रातील यादी पाहावी. कोणते कलम कोणत्या मूलभूत अटीला लागू पडते, याचा तक्ता मानकाच्या शेवटी 'झेड'ने सुरू होणाऱ्या परिशिष्टात असतो. सल्लागार नेमका तोच तक्ता वाचत नाहीत.

आपल्या बाबतीत खरेदीदाराने मानकांची नावे करारातच घातली असल्यामुळे ती आपल्यापुरती ऐच्छिक राहिलेली नाहीत, एवढे ध्यानात ठेवा. शिवाय यंत्रांसाठीचा २००६चा निर्देश जाऊन २०२३/१२३० हा विनियम २० जानेवारी २०२७पासून लागू होणार आहे. यंत्र त्यानंतर युरोपच्या बाजारात जाणार असेल, तर अनुरूपतेचे घोषणापत्र नव्या विनियमाप्रमाणे करावे लागेल.

हिंगण्याचा यंत्रकार

सर्वांचे मनापासून आभार. मजकूर एकच असेल, तर सर्वांत स्वस्त प्रत घेण्यात काही अडचण आहे का? आणि या मसुद्यांवर आपल्याकडून कोणाला काही म्हणता येते का?

धरमपेठ, निवृत्त अभियंता

अडचण काहीच नाही. एस्टोनियाची ईव्हीएस इंग्रजी मजकूर बहुधा कमी दरात देते आणि बरेच अभियंते तेथूनच घेतात. दूरसंचाराची मानके करणारी एट्सी आपली मानके विनामूल्य देते, पण ती आपल्या कामाची नाहीत. खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकांसंबंधीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने ५ मार्च २०२४ रोजी असा निर्णय दिला की, अशी मानके लोकांना पाहायला मिळण्यात सार्वजनिक हित आहे. तरी कारखान्यात वापरायची प्रत विकतच घ्यावी, असे माझे मत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्धे होकारार्थी आहे. केवळ सेनमध्ये तयार होणाऱ्या मसुद्यावर भारताला मत नसते. पण ईएन आयएसओ १२१०० आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेत जन्मले आहे, आणि १९९१च्या व्हिएन्ना करारामुळे अशा मसुद्यांवर आयएसओ व सेन या दोन्हीकडे एकाच वेळी मतदान घेता येते. आयएसओच्या बाजूने भारतीय मानक ब्यूरो सदस्य आहे. ब्यूरोचे शाखा कार्यालय नागपुरातच आहे. संबंधित विषयसमिती कोणती आणि तिच्याकडे सूचना कशी पाठवायची, हे तेथे विचारा.

निर्यात-दस्तऐवज

घोषणापत्रात आपण विकत घेतलेल्या प्रतीचे राष्ट्रीय नाव लिहू नका. प्रत एस्टोनियाची असली, तरी 'ईएन आयएसओ १२१००:२०१०' असेच सालासह लिहा.