१९६३ ची तिजोरी : 'गॉन होम'मधल्या ऑस्करबद्दल तुमचं मत कसं बनलं?

(गेम खेळायचा असेल तर आधी खेळून या. पुढे सगळं उघड केलं आहे. विषय लहान मुलांच्या शोषणाचा आहे, त्या तयारीने वाचा.)

'गॉन होम' पहिल्यांदा संपवला तेव्हा माझ्या लेखी ती सॅमच्या, म्हणजे घरातल्या धाकट्या मुलीच्या, प्रेमाची गोष्ट होती. ७ जून १९९५ ची रात्र, ओरेगनमधलं अवाढव्य घर, बाहेर धो धो पाऊस, युरोपातून परतलेली थोरली केटी (आपण तीच होऊन खेळतो) आणि घरात चिटपाखरू नाही. दोनेक तास कपाटं उघडायची, चिठ्ठ्या वाचायच्या. वडिलांच्या, म्हणजे टेरीच्या, कागदांवरून मी नुसती नजर फिरवली होती.

दुसऱ्या खेपेला तळघरातली तिजोरी उघडली. आकडा १९६३. आत ऑस्करने मेरीला लिहिलेलं पत्र. मेरी ही टेरीची आई आणि ऑस्कर त्याचा मामा. औषधांचा दुकानदार, आणि हे घर मुळात त्याचंच, मृत्युपत्राने टेरीकडे आलेलं. पत्रात तो क्षमा मागतोय. कशाबद्दल, ते कुठेच नाही. त्याच तळघरात टेरीच्या उंचीच्या खुणा आहेत, त्याही १९६३ लाच थांबतात. आणि मोठेपणी टेरी कादंबऱ्या लिहितो त्या कशावर, तर भूतकाळात जाऊन केनेडींची हत्या टाळणाऱ्या माणसावर. हत्येचं साल तेच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ऑस्करने त्या मुलाचं काही वाईट केलं, असं माझं ठाम मत झालं. मग एका मैत्रिणीशी बोलले, तर ती म्हणाली, "एवढ्यावर तू एका माणसाला हे लावतेस?" म्हणून तुम्हाला विचारते. तुमचं मत कोणत्या कागदावर ठरलं, आणि ते कधी बदललं का? आपापल्या अनुभवासह लिहा.

पुणे

मी टेस्टिंगमध्ये काम करतो, एका गोष्टीची दुसरीशी सांगड घालायची सवय आहे. तरी पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही, आणि याचं कारण 'मामा' हा शब्द असावा. गेममध्ये 'अंकल' आहे. मी मनात मामा म्हटलं आणि डोळ्यांपुढे मे महिना, आंबे, विहीर. मामाच्या घरी वाईट काही घडू शकतं हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला. उंचीच्या रेघा मात्र लागल्या जिव्हारी. आमच्या मामाच्या दाराच्या चौकटीवर माझ्या अशाच रेघा आहेत. मी सातवीत गेल्यावर त्याही थांबल्या, कारण आम्ही बदलीच्या गावी गेलो. म्हणजे रेघ थांबणं हा एकटा पुरावा नाही, हेही मला माझ्याच चौकटीने शिकवलं.

कोल्हापूर, वकिली

परिस्थितीजन्य पुराव्याबाबत १९८४ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आम्ही रोज उद्धृत करतो. महाराष्ट्रातलंच प्रकरण होतं. त्यातली पाच तत्त्वं 'पंचशील' म्हणून ओळखली जातात. सार असं की साखळी पूर्ण हवी, आणि आरोपी निर्दोष असण्याची कोणतीही वाजवी शक्यता शिल्लक राहता कामा नये. या कसोटीवर ऑस्कर सुटतो. औषधांच्या दुकानदाराला औषधाचं व्यसन लागलं आणि बहिणीने नातं तोडलं, ही शक्यता उरतेच.

पण मी ऑस्करला कोर्टात उभं करत नव्हतो, हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली. मी टेरीच्या मुलीच्या हातांनी टेरीच्या वस्तू उचलत होतो. शिक्षा द्यायची तर संशयाचा फायदा आरोपीला. बापाला समजून घ्यायचं तर ते माप लावायचं का? मला वाटतं, नाही. तिथे मी टेरीच्या बाजूचा आहे.

नाशिक

व्यसनाचा मुद्दा वरच्यांनी मांडलाच आहे, मी अजूनही त्याच मताचा आहे. दुकान सोडलं, घरात कोंडून घेतलं, गावाने घराला वेड्याचं घर ठरवलं, हे सगळं व्यसनातही होतं. माझ्या घरात झालेलं आहे. व्यसनी माणूसही बहिणीची अशीच क्षमा मागतो. मृत्युपत्रात घर भाच्याच्या नावे करणं मला माया वाटते, इतरांना प्रायश्चित्त वाटतं. यापुढे माझं पाऊल जात नाही.

न्यू जर्सी

मी आणि नवरा शेजारी बसून खेळलो आणि भांडलो. त्याचं म्हणणं, लेखकाला सांगायचं असतं तर सांगितलं असतं. माझं म्हणणं, याच घरात आईचं एका नव्या रेंजरशी, म्हणजे वनरक्षकाशी, काय चाललंय हेही कुणी सांगितलेलं नाही. तिथे मात्र हा लगेच म्हणाला, "हिचं बाहेर काहीतरी आहे." तिथे दोन-चार चिठ्ठ्या पुरल्या, आणि तळघरात पत्र असूनही पुरत नाही! मी हे बोलून दाखवलं तेव्हा तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी स्वतःच परत तळघरात गेला आणि मला हाक मारली.

ठाणे

थोडं बाजूला जाते, पण मुद्दा हाच आहे. 'लाइफ इज स्ट्रेंज'मध्ये (२०१५) क्लोईचा सावत्र बाप डेव्हिड. माजी सैनिक, घरातच कॅमेरे लावणारा. पहिल्याच भागात मॅक्स (क्लोईची मैत्रीण, आपण तीच होऊन खेळतो) लपून राहिली तर तो क्लोईच्या थोबाडीत मारतो. ती पुढे होऊन आळ स्वतःवर घेते तर मारत नाही. मी पुढे झाले होते, त्यामुळे थप्पड पाहिलीच नाही, आणि कित्येक महिने "कडक आहे, पण मनाने बरा" म्हणून त्याची बाजू घेत होते. धाकट्या बहिणीने तिचा खेळ दाखवला तेव्हा मला शरम वाटली. माणूस तोच होता. मी मध्ये पडले म्हणून त्याचा हात थांबला होता, एवढाच फरक. तेव्हापासून 'मी तर काही पाहिलं नाही' हे वाक्य मी कुणाच्याही बाबतीत उच्चारताना थांबते. याच मालिकेतल्या दुसऱ्या गेमच्या शेवटच्या भागात हा डेव्हिड ॲरिझोनाच्या वाळवंटात शांत, मवाळ होऊन भेटतो. त्याला माफ करायचं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही.

रत्नागिरीची, आता मुंबईत

खूप दिवस लिहू की नको चाललं होतं.

माझ्यासाठी पत्र नव्हे, पत्र कुठे आहे ते महत्त्वाचं ठरलं. मेरीला लिहिलेलं पत्र मेरीकडे नाही, लिहिणाऱ्याच्याच तिजोरीत आहे. काय झालं ते त्या दोघांना माहीत होतं, आणि टेरीच्या मुलींपर्यंत ते पोचलेलं नाही. केटीला तर त्या आकड्याचा अर्थही कुणी सांगितलेला नाही.

आमच्याकडे आईच्या आत्याचं घर होतं, खाडीकाठी. आई लहानपणी दर सुट्टीत तिथे जायची. एका वर्षी आजीने पाठवणं बंद केलं. भांडण नाही, जमिनीचा वाद नाही. लग्नकार्यात आजी आणि त्या घरचे लोक समोरासमोर आले तर पानाला बसायचे, पण बोलायचे नाहीत. आत्याचे यजमान गेले तेव्हा आजी घरातच राहिली. का, हे विचारायचं नसतं एवढं आम्हाला न सांगता कळलं होतं.

गेम संपल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात गेले. आई तांदूळ निवडत होती. शेजारी बसले, थोडे निवडले, आणि विचारलं, "आई, आजीने तुला आत्याकडे पाठवायचं का बंद केलं गं?"

तिचा हात थांबला नाही. खडा बाजूला टाकत म्हणाली, "तुला आणि दादाला मी कधी पाठवलं का तिकडे? नाही ना? मग झालं."