कंपवाताच्या पेशंटना नाचवणं म्हणजे निव्वळ फोटोपुरतं समाजकार्य?

शुभंकर_कोथरूड
परवा रोखठोक यांनी इथे लिहिलं की मोठ्या डान्स कंपन्यांचं आउटरीच (लोकांमध्ये जाऊन केलेले उपक्रम) म्हणजे 'चार म्हातारे खुर्चीत बसवायचे, हात हलवायला लावायचे, फोटो काढायचे आणि देणग्या गोळा करायच्या'. वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून सविस्तर लिहितेय. माझ्या बाबांना पार्किन्सन्स, म्हणजेच कंपवात, होऊन नऊ वर्षं झाली. मी त्यांची शुभंकर, म्हणजे आंघोळीपासून गोळ्यांपर्यंत सगळं माझ्याकडे.

तुम्ही ज्या न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या मार्क मॉरिस डान्स ग्रुपचं नाव घेऊन टीका केलीत, तिथे हे सुरू कसं झालं ते तरी बघा. 2001 मध्ये तिथल्या कंपवाताच्या पेशंटच्या गटाच्या ऑली वेस्टहायमर बाई स्वतः कंपनीकडे गेल्या, आणि त्यांना थेरपी नको होती, डान्सचा क्लास हवा होता. मग कंपनीत स्टेजवर नाचणारेच शिकवायला आले. खुर्चीत सुरुवात, मग धरून उभं राहणं, मग जमेल त्याने हॉलभर चालायचं. आपल्या पुण्यातही नर्तक हृषीकेश पवारांनी पेशंटसाठी क्लास घेतलेच की.

आता घरातलं सांगते. बाबा उंबरठ्यावर अडकतात. पाय फरशीला चिकटल्यासारखे, टाचा उचललेल्या, अंग पुढे झुकलेलं, आता पडणार असं वाटतं. मी आधी हात धरून ओढायचे, त्याने जास्तच घट्ट व्हायचे. ते इथल्या ज्या क्लासला जातात तिथल्या मुलीने सांगितलं, काकांना ओढू नका, ताल द्या. त्या दिवशी मी दाराच्या चौकटीवर बोटांनी केरवा धरला, धागेनतिनकधिन, दोनदा काही झालं नाही, तिसऱ्या 'धा'ला उजवा पाय सुटला आणि बाबा उंबरठा ओलांडून सरळ देवघरापर्यंत गेले. ह्याचा फोटो कोणी काढला नव्हता.

रोखठोक
ताई, तुमच्या बाबांबद्दल मी काही बोललो नाही, ते माझ्या अंगावर ढकलू नका. मी बोललो ते बघून बोललो. माझी बायको मनपाच्या शाळेत शिकवते. एक नावाजलेली कंपनी आली होती, दोन दिवस वर्कशॉप, पोरांना टीशर्ट, बॅनरवर स्पॉन्सरचं नाव पोरांच्या डोक्यापेक्षा मोठं. तिसऱ्या आठवड्यात पोरं विचारतायत दीदी कधी येणार, आणि दीदी परत कधीच आली नाही. एक मुलगी तर तो टीशर्ट रोज धुऊन घालून यायची, कारण तिला वाटायचं अचानक आल्या तर? ह्याला आउटरीच म्हणायचं असेल तर म्हणा, मी नाही म्हणणार.

फिजिओ_सातारा
मी वीस वर्षं हे पेशंट बघतेय त्यामुळे मलाही बोलू द्या. तालाने पाय सुटतो हे खरंय, आम्ही मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) वापरतो, जमिनीवर पट्ट्या चिकटवतो, तत्त्व तेच. पण 'डान्सने आजार थांबतो' असे फॉरवर्ड फिरतात त्याचा मला वैताग आलाय. कॅनडातला 2021 चा जो अभ्यास सगळे नाचवतात त्यात तीन वर्षं नाचणारे 16 जण आणि तुलनेला न नाचणारे 16 जण. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. जो माणूस तीन वर्षं नेमाने क्लासला येतो तो मुळातच जरा बरा आणि हौशी असणार की नाही? माझ्या एका काकांनी क्लास लावला आणि घरचे व्यायाम सोडले, बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं.

शुभंकर_कोथरूड
ताई, आजार थांबतो असं मी कुठे लिहिलंय? गोळ्या चालूच आहेत, व्यायामही. पण फिजिओकडे बाबा पेशंट असतात, क्लासमध्ये विद्यार्थी. घरी येऊन मला म्हणतात, 'आज माझा हात चुकला, उद्या बसवतो.' 'उद्या' हा शब्द मी त्यांच्या तोंडून दोन वर्षांनी ऐकला.

डग्गा
सगळे ताल ताल करताय म्हणून विचारतो, तो ताल वाजवणाऱ्याला कोणी पैसे देतं का? मी तबला वाजवतो, साथीवर घर चालतं. असल्या उपक्रमांना बोलवतात तेव्हा 'दादा, सेवा आहे ना' म्हणतात. हॉलचं भाडं दिलं जातं, मंडपवाल्याला दिलं जातं, समोश्यांचं बिल दिलं जातं, आणि दोन तास वाजवणाऱ्याला नारळ आणि शाल. माझ्याकडे अकरा शाली आहेत.

शुभंकर_कोथरूड
इथे माणसं चालायचं विसरतायत आणि तुम्हाला शालींचं पडलंय. कमाल आहे.

डग्गा
कमाल कसली? तुमच्या गोळ्यांचं दुकान सेवा म्हणून गोळ्या देतं का? माझ्या पोराच्या फीच्या तारखेला शाळा सेवा म्हणून थांबते का? दरवेळी कलाकारानेच मोठं मन दाखवायचं. माझ्या वडिलांनी जन्मभर तमाशाच्या फडात ढोलकी वाजवली, शेवटी औषधाला पैसे नव्हते, तेव्हा कोणाचं आउटरीच नाही आलं आमच्या दारात.

रोखठोक
हेच म्हणतोय मी कधीचं. पैसा येतो तो कलाकारापर्यंत झिरपतच नाही.

जर्सीकर
मावशीला घेऊन ब्रुकलिनच्या क्लासला गेलेय म्हणून सांगते. पेशंटकडून पैसे घेत नाहीत, पण वादक समोर बसलेला असतो आणि तो त्याचं काम म्हणून येतो, उपकार म्हणून नाही. मावशीचा पाय अडला की वादक तिच्याकडे बघून लय सावकाश करायचा. स्पीकरला ते जमणार नाही. शेवटी सगळे गोल करून हात धरतात आणि हात दाबून तो दाब शेजाऱ्याकडे पुढे पाठवतात. मावशीचा थरथरणारा हात दुसऱ्या थरथरणाऱ्या हातात होता, आणि लपवायची गरज तिला वाटली नाही. लग्नाकार्यात ती तो हात कायम पदराखाली ठेवते.

फिजिओ_सातारा
लय पेशंटप्रमाणे बदलणं, हा मुद्दा पटला. मेट्रोनोम थांबत नाही. पण पडण्याची काळजी घेणारं माणूस क्लासमध्ये हवंच, ह्यावर मी हटणार नाही.

रोखठोक
ठीक आहे. जी कंपनी वीस वर्षांहून जास्त काळ तोच क्लास चालवते तिला मी फोटोवाल्यांच्या रांगेत बसवलं, ते चुकलं. टीशर्टवाल्यांबद्दल शब्द मागे घेणार नाही.

शुभंकर_कोथरूड
घेऊही नका. त्या मुलीचं वाचून मलाही राग आला.

डग्गा, काल मी तुम्हाला वाटेल ते बोलले. आमच्या क्लासला गाणी मोबाइलवर लावतात आणि साथीदार का नाही हे मी कधी विचारलंही नव्हतं. आम्ही चौदा घरं आहोत, आपापसात काढू. तुमचं मानधन किती ते कळवा. गुरुवारी चार वाजता असतो, बाबांची गोळी साडेतीनला, तोवर लागू झालेली असते.

डग्गा
गुरुवारी शिकवणी असते. शुक्रवार जमेल का?