टॅलीच्या सर्व्हरला बॅकअपसाठी काय घ्यावं? सव्वा लाखाचं कोटेशन आलंय

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी. सांगलीत सीएंच्या ऑफिसात सोळा वर्षं आहे. हिशोब हा माझा प्रांत, पण "तुम्हाला कळतं" म्हणून कॉम्प्युटरही माझ्याच गळ्यात. एक टॉवर सर्व्हर, त्यावर अकरा मशीन. टॅली, रिटर्न, स्कॅन केलेले कागद मिळून १.४ टीबी. २ टीबीची यूएसबी हार्डडिस्क सर्व्हरच्या पाठीला कायम लावलेली असते, रात्री साडेनऊला रोबोकॉपीची (विंडोजची फाइली कॉपी करणारी कमांड) बॅच फाइल चालते.

व्हेंडरने चार बेचा नॅस (चार डिस्क बसणारा, नेटवर्कला जोडायचा साठवणीचा डबा) सुचवलाय, ८ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (चारही मिळून एक साठा, एक डिस्क मेली तरी डेटा राहतो). साहेब म्हणतात, "रेड आहे म्हणजे बॅकअप झालाच की, घेऊन टाका." पण तोही सर्व्हरच्याच कपाटात बसणार, हे मला पटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा मी आणि शिपायाने सर्व्हर उचलून जिन्याने वर नेला होता. यूपीएस गेला तो गेलाच. कोणीतरी टेपचंही (चुंबकीय फितीवर बॅकअप) बोललं. काय घ्यावं?

उनाड_माउस: २ टीबीची एक्सटर्नल एसएसडी घ्या. पडली तरी बिघडत नाही. विषय संपला.

पॅचकॉर्ड: नाही हो, एसएसडी कपाटात ठेवून विसरायची वस्तू नाही. वीज न लावता महिनोन् महिने पडून राहिली, त्यातून वापरून झिजलेली आणि आपला उन्हाळा, तर आतला चार्ज गळतो.

काका, तुमची शंका बरोबर आहे. रेडमुळे एक डिस्क मेली तरी सकाळी काम चालू राहतं, एवढंच. कोणी फोल्डर उडवला तर तो चारही डिस्कवरून एकदमच उडतो. माझ्याकडे एका व्यापाऱ्याचं एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं काम) होतं. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं, सर्व्हर गेला आणि त्याला कायम लावलेली यूएसबी डिस्कही गेली. वाचली ती मालकाने जेवणाच्या पिशवीत घरी नेलेली बारा दिवसांपूर्वीची डिस्क.

दोन बेचा नॅस पुरे. ४ टीबीच्या दोन डिस्क, मिरर (दोन्हींवर तोच डेटा). डिस्क सीएमआर (ट्रॅक सुटे, शेजारी शेजारी) आहे ना, एसएमआर नाही ना, हे बिलावरच्या मॉडेल नंबरवरून तपासा. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून मेलेली डिस्क बदलून रेड पुन्हा बांधताना ती रडते. नॅस स्नॅपशॉट (त्या-त्या वेळच्या फाइलींची जुनी स्थिती जपून ठेवणं) घेणाराच घ्या, आणि बॅकअप नॅसने सर्व्हरकडून ओढून घ्यावा. सर्व्हरला नॅसचा पासवर्ड ठाऊकच नसावा.

वाचलेल्या पैशात ४ टीबीच्या दोन यूएसबी हार्डडिस्क. दर शनिवारी एक लावायची, कॉपी झाली की काढून घरी. पुढच्या शनिवारी दुसरी. पहिल्या वेळी गिगाबिट नेटवर्कवर नॅसला हिशोबाने साडेतीन-चार तास लागतील, पण टॅलीच्या बारीकसारीक फाइली बघता अख्खी रात्र धरा. टेप विसरा. एलटीओ-८ या जातीच्या टेपची एक कॅसेट १२ टीबीची, तुमचा डेटा त्यात खुळखुळेल आणि ड्राइव्हच लाखांत जातो.

एक विचारू? बॅच फाइलमध्ये रिट्रायचा आकडा दिलाय का? नसेल तर रोबोकॉपी न उघडणाऱ्या फाइलपाशी ३० सेकंद थांबतं, परत बघतं, असं १० लाख वेळा.

कलम_१२८: कंपनी क्लायंटच्या हिशोबाच्या वह्या तुमच्याकडेच असतील तर कंपनी कायद्याच्या नियमांतल्या ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून बॅकअप रोजचा लागतो आणि तो भारतातल्या सर्व्हरवर. वह्या आठ वर्षं जपायच्या. पुढेमागे क्लाउड घेतलात तर जागा मुंबईची निवडा.

कृष्णाकाठ: पॅचकॉर्ड, तुमच्या तोंडात साखर पडो की माती, कळत नाही. आज सर्व्हरच्या स्क्रीनवर ती काळी खिडकी खाली दडलेली सापडली. "वेटिंग ३० सेकंड्स", त्याखाली "रिट्राइंग", खाली खाली तेच. आर्टिकलच्या (सीएची उमेदवारी करणाऱ्या) पोराने रिमोट सेशनमध्ये टॅली उघडंच सोडलेलं, आणि कॉपी १०००३ नंबरच्या फोल्डरपाशी अडलेली. त्याच्या पुढच्या फोल्डरांतल्या ताज्या फाइली जूनच्या. आज ऑक्टोबर.

साहेबांना खुर्चीत बसवून दाखवलं. चहा निवला. दोन बेचा नॅस आणि दोन डिस्क मंजूर.

एक राहिलं. मी मिरजेहून सिटी बसने येतो-जातो. डिस्कमध्ये दोनशे क्लायंटचे पॅन-आधार. कुलूप लावता येतं का?

पॅचकॉर्ड: बिटलॉकर लावा, विंडोजचंच डिस्क कुलूपबंद करणारं फीचर. विंडोज सर्व्हरवर ते फीचर आधी टाकावं लागतं, रीस्टार्ट मागेल, तेव्हा रविवारी करा. रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर कुलूप उघडणारा आकडा) छापून साहेबांच्या तिजोरीत. डिस्कच्या पिशवीत नको.