सार्वजनिक सायकली ठीक, पण होड्याही तशाच ठेवायच्या?

वल्हेकरी
वाचनालयातून पुस्तक न्यावं तशी तळ्याकाठून होडी आणि बागेच्या फाटकापासून सायकल नेता यावी, तास-दोन तास फिरून जागेवर आणून लावावी. हे सार्वजनिक खर्चाने व्हावं असं माझं मत आहे. दोन्हींना एकच नोंदणी, कोडवर उघडणारं एकच कुलूप, माणूस बसवायचा नाही. कोपनहेगनमध्ये २०१७ साली ग्रीनकयाक नावाचा उपक्रम सुरू झाला: पाण्यातला कचरा वेचून आणायच्या बोलीवर कयाक (वल्ह्याची अरुंद, लांबट होडी) फुकट. म्हणजे पाण्यावर हे चालतच नाही असं नाही. आपल्याकडे सुरुवातीला १० सायकली, ४ कयाक. विरोध असेल तर कारणांसकट लिहा.

तिरपा आरा
सायकलींपुरतं सहमत, तेही कुलूप आहे म्हणून. ॲमस्टरडॅममध्ये १९६५ साली प्रोव्हो या बंडखोर तरुणांच्या चळवळीने सगळ्यांनी वापराव्यात म्हणून पांढऱ्या सायकली बिनकुलपी रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनीच उचलून नेल्या, कारण बिनकुलपी सायकल ठेवणं नियमात बसत नव्हतं. कोपनहेगनची १९९५ची सार्वजनिक सायकल २० क्रोनरचं नाणं घातलं की सुटायची आणि तिचे सुटे भाग मुद्दाम वेगळ्या मापाचे होते, चोरून दुसरीकडे बसूच नयेत म्हणून.

पण चोरीपेक्षा देखभाल महाग पडते. 'सायकली घ्या' सगळे म्हणतात, पाना कोण फिरवणार यावर सगळे गप्प. आठवड्यातून एकदा हवा, ब्रेक, चेन बघायलाच हवी. चेन झिजून लांबली का हे मोजायला साधी पट्टी पुरते. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) वाढलं की चेन बदला. एक सूत वाढेपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असतात, मग त्यावर नवी चेन उड्या मारते आणि दुप्पट खर्च.

फिरून तिथंच परत आणायची अट मात्र फार चांगली. नाहीतर चढावरचं ठाणं रिकामं आणि उतारावरचं भरलेलं राहतं, आणि सायकली वाहून न्यायला रोज टेम्पो लागतो.

हवा गेली
भरीव टायर बसवा. अर्धी देखभाल तिथंच संपली.

तिरपा आरा
@हवा गेली, पंक्चर संपतं, काम संपत नाही. हवेचा टायर जो धक्का गिळतो तो भरीव टायर थेट रिमवर आणि आऱ्यांवर टाकतो. मागच्या चाकाचे आरे तुटायला लागतात, आणि आरा बदलून चाक सरळ करणं हे पंक्चर काढण्यापेक्षा कितीतरी वेळखाऊ. जाड टायर आणि त्याच्या आतून काटे अडवणारी पट्टी, एवढं पुरे.

काठावरून
सायकलींवर इतका खल आणि होड्या एका ओळीत? सायकल बिघडली तर माणूस चालत येतो. माझा होड्यांना ठाम विरोध, निदान बिनमाणसाच्या.

लाइफ जॅकेट वजनाप्रमाणे लागतं. ५० न्यूटन तरंगबळाचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी असतं, ते बेशुद्ध माणसाचं तोंड वर फिरवेल याचा भरवसा नाही. घातल्यावर खांद्यांना धरून वर ओढायचं. कानांपर्यंत सरकलं तर पट्टे सैल आहेत. हे कुलूप बघणार आहे का?

दुसरं वारं. ते काठाकडून आत वाहत असतं तेव्हा काठाजवळचं पाणी सपाट दिसतं, होडी आपोआप पुढे जाते आणि नवख्याला वाटतं, आपल्याला वल्हवता येतं. परतताना तेच वारं तोंडावर. ताशी २० किलोमीटरच्या पुढे, पाण्यावर पांढरे फेस दिसू लागले की नवख्याला आत सोडूच नये.

वल्हेकरी
कयाक 'वर बसायच्या' घेतल्या की त्यात पाणी साचत नाही, भोकांतून निघून जातं. जॅकेटची पेटी त्याच कोडवर उघडेल, आणि वारं मर्यादेपलीकडे गेलं की कुलूप उघडणारच नाही असं करता येतं.

काठावरून
निघताना वारं नसलं आणि अर्ध्या तासाने सुटलं तर? कुलूप तेव्हा काठावर असतं.

आणि ती भोकंच गोची करतात. लोक त्यांत होडी वाहायच्या चाकांच्या गाड्याचे खुंट घालून कयाक ओढत नेतात, भोकाच्या कडेला बारीक चीर पडते आणि पाणी आतल्या पोकळीत शिरतं. वरून काही दिसत नाही. होडी नुसती जड आणि डळमळीत होत जाते, आणि हे कळतं ते मध्यावर. उपाय सोपा: परत आली की एक टोक उचलायचं, आत खळखळ ऐकू आली तर बूच काढून पाणी सोडायचं आणि ती होडी बाजूला ठेवायची. दर फेरीला. कुलपाला कान नसतात.

तिरपा आरा
मग एकच माणूस ठरलेल्या वेळात धक्क्यावर. होड्या बाहेर नसतील तेव्हा सायकलींचं काम करेल.

वल्हेकरी
म्हणजे पहाटेची वेळ गेली, जेव्हा वारं सगळ्यात कमी असतं. पटत नाही, पण खळखळीचा मुद्दा मान्य. सायकली दिवसभर, होड्या माणूस असेल तेव्हाच, अशी सुरुवात चालेल.

काठावरून
चालेल. जागा मात्र आधी बघा. खालच्या बाजूला बुटका बंधारा असेल तर तिथं एकही होडी नको. पडणारं पाणी पायथ्याशी उलटं फिरतं आणि होडीला भिंतीकडेच ओढतं. जॅकेट घातलेला माणूसही त्यात गरगरत राहतो.