लेखातील चित्राशेजारी मजकूर येत नाही

प्रश्न: वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीची थीम (संकेतस्थळाचे रूप ठरवणारा साचा) बदलल्यापासून डावीकडे ठेवलेले चित्र पूर्ण ओळ अडवते आणि मजकूर त्याच्या खालून सुरू होतो. शेकडो जुने लेख एकेक करून दुरुस्त करणे मला शक्य नाही, काय करावे?

उत्तर १: लेखांना हात लावू नका. वर्डप्रेसमधील लेखनाचा एडिटर चित्राला केवळ ‘अलाइनलेफ्ट’ हा क्लास, म्हणजे ओळखीचे नाव, जोडतो; त्याचा अर्थ थीमच्या सीएसएसने (मांडणीचे नियम लिहिण्याची भाषा) सांगायचा असतो, आणि तो नियम आपल्या नव्या थीममध्ये राहून गेला असावा. त्या क्लासला ‘फ्लोट लेफ्ट’ (चित्र डावीकडे ठेवून मजकूर शेजारी आणणारा नियम) आणि उजवीकडे १६ पिक्सेलचे मार्जिन, म्हणजे मोकळी जागा, द्या.

उत्तर २: फ्लोटमुळे पुढचे उपशीर्षकही चित्राशेजारी चढते, म्हणून उपशीर्षकाला ‘क्लिअर बोथ’ (ते चित्राच्या खालून सुरू करणारा नियम) द्यावे. मोबाइलवर मात्र फ्लोट काढूनच टाकावा, कारण अरुंद पडद्यावर चित्रालगत दोन-दोन शब्दांच्या ओळी उरतात आणि वाचकाला फार त्रास होतो.

प्रश्नकर्ता: नियम लावताच सर्व लेख पूर्ववत झाले. मनःपूर्वक आभार.