मदत हवी आहे : नव्या बांधणीनंतर आमच्या गुळाच्या संकेतस्थळाची मराठी पाने गूगलच्या शोधातून नाहीशी झाली आहेत

नमस्कार.

करवीर तालुक्यात आमचे गुऱ्हाळ असून कोल्हापूर शहरात किरकोळ विक्रीचे लहान दुकान आहे. गुळाचे मोठे रवे पूर्वीप्रमाणे शाहू मार्केट यार्डात सौद्याला जातात. एक किलोचे रवे, गूळ पावडर, काकवी आणि संक्रांतीच्या आधी चिक्कीचा गूळ एवढा माल मात्र आम्ही संकेतस्थळावरून थेट ग्राहकांना पाठवतो. ही थेट विक्री आमच्यासाठी महत्त्वाची आहे, कारण सौद्यात रंगाला मोल असते. हायड्रॉस हे रंग उजळवणारे रसायन घालून पिवळाधमक केलेला गूळ आधी उचलला जातो आणि भेंडीच्या रसाने मळी काढलेला तांबूस गूळ चवीला सरस असूनही मागे पडतो. या तांबूस गुळाची किंमत ज्यांना कळते, ती माणसे आम्हाला संकेतस्थळामुळेच भेटली.

जुने संकेतस्थळ साधे होते. त्यावर बहुतेक मजकूर मराठीत होता : रसायनविरहित गूळ कसा ओळखावा, चिक्कीच्या गुळात आणि रोजच्या गुळात काय फरक असतो, काकवी किती दिवस टिकते, पावसाळ्यात गुळाला पाणी का सुटते. ही माहिती आम्ही दुकानात रोज तोंडी देतो तशीच लिहिली होती. पुणे, मुंबई, नाशिक येथील अनेक ग्राहक ही पाने वाचून आमच्याकडे आले आणि फोनवर बोलताना त्यांतील वाक्ये आम्हालाच ऐकवत असत.

यंदाच्या हंगामापूर्वी एका व्यावसायिकाकडून संकेतस्थळाची नवी बांधणी करून घेतली. दिसायला ते सुरेख झाले आहे. पूर्वी मराठी आणि इंग्रजी पानांचे पत्ते वेगवेगळे होते, ते आता एकच करण्यात आले. पाहणाऱ्याच्या मोबाइलची भाषा ओळखून मजकूर आपोआप मराठी किंवा इंग्रजी होतो आणि वर एक बटण दिले आहे. जुने पत्ते बंद झाले. पुडक्यांच्या लेबलांवरील मजकूर छापखान्यातून श्रीलिपी या मराठी टंकन-प्रणालीत आला होता, तो उतरवून घेण्याऐवजी चित्र म्हणून चिकटवला गेला आणि मराठी शीर्षकेही चित्रांतच आहेत.

तेव्हापासून संकेतस्थळावरून येणारी विचारणा फारच घटली. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपले पान गूगलच्या शोधात कसे दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, पाहिले असता मराठी शब्दांनी शोधणाऱ्यांना आमचे पान दिसणे जवळजवळ थांबलेले आहे. इंग्रजीतील ‘जॅगरी पावडर’सारख्या शब्दांवर पान दिसते, पण त्या गर्दीत ते फार खाली असते. ‘सापडले नाही (४०४)’ या नोंदीखाली आमच्या जुन्या पत्त्यांची मोठी यादी आहे.

दरम्यान एका डिजिटल मार्केटिंग करणाऱ्या संस्थेने प्रस्ताव दिला आहे. पहिल्या क्रमांकाची हमी, दरमहा शेकडो बॅकलिंक (इतर संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणारे दुवे), महाराष्ट्रातील प्रत्येक मोठ्या शहराच्या नावाचे एकेक पान, मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये घातलेले शोधशब्द), प्रश्नोत्तरांचे स्कीमा (गूगलला मजकूर कळावा म्हणून कोडमध्ये घातलेल्या खुणा), असे त्याचे स्वरूप आहे. मराठीत शोधून कोणी खरेदी करत नाही, म्हणून मराठी मजकूर काढून टाकावा, असाही त्यांचा आग्रह आहे. या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. आमचा खरा ग्राहक ‘चिक्कीचा गूळ’ असेच शोधतो, आणि ज्याला हा शब्द ठाऊक आहे त्याला काय हवे आहे तेही ठाऊक असते.

मला तीन बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. मराठी पाने नाहीशी होण्याचे मूळ कारण पत्ते बदलणे हे आहे, भाषेचे आपोआप बदलणे हे आहे, की चित्रांतील मजकूर? दुरुस्तीचा क्रम काय असावा, कारण सगळे एकदम करण्याइतका पैसा हाताशी नाही? आणि त्या प्रस्तावातले काही घेण्यासारखे आहे का?

प्रतिसाद १

नमस्कार. आपण वर्णन इतके नेमके केले आहे की निदान करणे सोपे झाले. तीनही कारणे खरी आहेत, परंतु त्यांचे वजन सारखे नाही.

सर्वांत मोठे नुकसान एकाच पत्त्यावर दोन भाषा ठेवल्यामुळे झाले असावे. गूगलचा क्रॉलर, म्हणजे संकेतस्थळे वाचत फिरणारा प्रोग्राम, पानाची मागणी करताना ‘मला अमुक भाषा हवी’ असे सांगतच नाही, आणि तो बहुतांशी अमेरिकेतील पत्त्यांवरून येतो. त्यामुळे आपले संकेतस्थळ त्याच्यापुढे दर वेळी इंग्रजी मजकूर ठेवते. तो बटण दाबून मराठी मजकूर पाहत नाही. थोडक्यात, मराठी पाने आपल्या ग्राहकांसाठी आहेत, पण गूगलच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नाहीत. पानाची भाषा गूगल दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतो, कोडमध्ये भाषेची खूण घालून उपयोग होत नाही. याची खात्री आपण स्वतः करून घेऊ शकता. सर्च कन्सोलमध्ये एखाद्या पानाचा पत्ता तपासायला द्या, थेट चाचणी घ्या आणि गूगलला मिळालेला कोड उघडून त्यात ‘काकवी’ हा शब्द शोधा. तो तेथे नसेल तर शंका उरत नाही.

उपाय एकच आहे : प्रत्येक भाषेतील पानाला पूर्वीसारखा स्वतंत्र पत्ता द्यावा आणि मोबाइलच्या भाषेवरून आपोआप वळवणे बंद करावे. बटण राहू द्या, मात्र ते दुसऱ्या पत्त्याकडे नेणारा साधा दुवा असावा. दोन्ही पानांवर एचरेफलँग खुणा, म्हणजे हेच पान दुसऱ्या भाषेत कोठे आहे हे गूगलला सांगणाऱ्या कोडमधील खुणा, घालाव्यात. मराठी पानाने इंग्रजी पानाचा आणि इंग्रजी पानाने मराठी पानाचा उल्लेख करायला हवा, शिवाय प्रत्येकाने स्वतःचाही करायला हवा. एका बाजूने उल्लेख राहिला तर ती खूण धरली जात नाही.

शक्य असेल तर मराठी पानांना अगदी जुनेच पत्ते परत द्यावेत. त्याने निम्मे काम आपोआप होईल. जे पत्ते परत देता येणार नाहीत, त्यांच्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट (कायमचे वळवणे) लावावा. येथे अनेक बांधणीकार सोपा मार्ग काढतात आणि सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवतात. तसे होऊ देऊ नका, कारण चिक्कीच्या गुळाच्या पानाऐवजी मुखपृष्ठ मिळाले तर गूगल त्याला पान न सापडल्यासारखेच मानतो. हे रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवावेत, असे गूगलचे स्वतःचे मार्गदर्शन आहे. माझ्या मते ते काढूच नयेत. जुन्या पत्त्यांची यादी सर्च कन्सोलमधून मिळेल. तेथे १६ महिन्यांपर्यंतची आकडेवारी राहते, म्हणून ती आजच उतरवून ठेवावी. जुना मजकूर हरवला असल्यास वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या संग्रहात त्याच्या प्रती मिळण्याची शक्यता आहे.

आता चित्रांतील मजकुराबद्दल. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये अक्षर मराठी दिसत असले तरी आत वेगळीच चिन्हे साठवलेली असतात. त्यामुळे तो मजकूर तसाच चिकटवला असता तरी शोधात आला नसता. तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, आणावा आणि नंतर माणसाने ओळ न् ओळ वाचावा, कारण रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांची परिवर्तनात मोडतोड होते. ‘गुऱ्हाळ’ हाच शब्द आधी तपासा. शीर्षके सुंदर अक्षरांत हवी असतील तर देवनागरी वेबफाँट वापरता येतो. मात्र देवनागरी फाँटची फाइल जड असते, तेव्हा अक्षरांच्या जाडीच्या एक-दोन प्रकारांवर समाधान मानावे. पानावरील मुख्य मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांच्या आत दिसावे, ही गूगलची अपेक्षा आहे आणि ती मोबाइलवर पूर्ण व्हायला हवी.

म्हणून क्रम असा धरावा : आधी स्वतंत्र पत्ते, त्यासोबतच रीडायरेक्ट, मग शीर्षके आणि लेबलांचा मजकूर, आणि वेगाचे काम शेवटी.

प्रतिसाद २

वरील निदानाशी मी पूर्ण सहमत आहे. प्रस्तावाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण अशा प्रस्तावांत लहान उद्योजकांचा पैसा जाताना मी पाहतो आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतः सांगतो. मेटा कीवर्ड क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. प्रश्नोत्तरांच्या स्कीमामुळे शोधात दिसणारे विस्तारित निकाल २०२३ पासून सरकारी व आरोग्यविषयक नामांकित संकेतस्थळांपुरते मर्यादित झाले, त्यामुळे गुळाच्या दुकानाने त्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. विकत घेतलेले बॅकलिंक हा तर उघड नियमभंग आहे. क्रमवारीच्या पद्धतीतील २०१२ च्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलापासून गूगल अशा दुव्यांच्या मागे आहे. शहराचे नाव तेवढे बदलून तीच माहिती देणारी पानेही स्पॅमच्या धोरणात मोडतात. पुण्याच्या पानावर पुण्यातील ग्राहकाला उपयोगी असे काही वेगळे लिहायचे असेल, उदाहरणार्थ माल किती दिवसांत पोहोचतो आणि उन्हाळ्यात काकवी कशी पाठवली जाते, तरच ते पान असावे.

दुवे मिळवायचेच असतील तर ते आपल्या कामातून मिळवावेत. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि आपल्याच शहरात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. ऊस घाण्याला लागल्यापासून रवा साच्यातून निघेपर्यंतची प्रक्रिया, चुलवाणाची (भट्टीची) आच, काईल (रस आटवण्याची कढई) उतरवण्याची वेळ, मळी काढण्याच्या पद्धती यांवर छायाचित्रांसह सविस्तर पान लिहिले, तर शेतीविषयक लिहिणारे आणि पाककृती लिहिणारे त्याचा आधार घेतील. हायड्रॉसमुळे रंग कसा बदलतो, हे आपण येथे दोन ओळींत सांगितले. तेच विस्ताराने लिहा. ते ज्ञान त्या संस्थेकडे नाही, आपल्याकडे आहे.

दुकानासाठी गूगलवर बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशात दिसणारी दुकानाची नोंद, असेलच. नकाशातील निकाल सुसंगती, अंतर आणि नावलौकिक यांवर ठरतात. म्हणून कोल्हापुरात ‘गूळ’ शोधणाऱ्याला आपले दुकान दिसेल, पण पुण्याच्या कोथरूडमधून शोधणाऱ्याला अंतरामुळे सहसा दिसणार नाही. त्याच्यापर्यंत मराठी पानांनीच पोहोचावे लागेल. ग्राहकांना अभिप्राय जरूर मागावेत, मात्र त्याबदल्यात सवलत किंवा काकवीची बाटली देऊ नये, ते नियमबाह्य आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. थेट चाचणी घेतली. मिळालेल्या कोडमध्ये एकही मराठी वाक्य नाही, ‘काकवी’ तर नाहीच. बांधणीकारांना ते पान दाखवले, तेव्हा स्वतंत्र पत्ते परत देण्याचे त्यांनी मान्य केले. त्या संस्थेचा प्रस्ताव मी नाकारत आहे.

आणखी एक विचारतो. चिक्कीच्या गुळाची मागणी डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत असते आणि नंतर जवळजवळ थांबते. हे पान दर वर्षी नव्याने करावे, की हंगाम संपल्यावर काढून टाकावे? आणि अनेक ग्राहक मराठी शब्दच रोमन लिपीत टंकतात, त्यांच्यासाठी वेगळी पाने हवीत का?

प्रतिसाद १

पान एकच ठेवावे, बारा महिने ठेवावे आणि त्याच्या पत्त्यात वर्ष घालू नये. दर वर्षी नवे पान केले की मागच्या वर्षीची ओळख वाया जाते. हंगाम संपल्यावर खरेदीचे बटण काढून ‘पुढील गाळप सुरू झाल्यावर उपलब्ध’ असे लिहावे आणि मागणी नोंदवण्यासाठी फोन क्रमांकाची जागा ठेवावी. दर, वजन आणि छायाचित्रे नोव्हेंबरमध्येच बदलून घ्या. शोध कधी वाढू लागतो, हे गूगल ट्रेंड्स या शोधांचा कल दाखवणाऱ्या साधनावर महाराष्ट्र निवडून पाहता येते. बदललेले पान गूगलने पुन्हा वाचेपर्यंत काही दिवस जाऊ शकतात, तेवढी सवड हाताशी ठेवावी.

रोमन लिपीसाठी वेगळी पाने करू नयेत. मालाच्या नावाशेजारी त्याचे प्रचलित रोमन रूप एकदा आले, की तेवढे पुरे. स्पेलिंगचे पाच प्रकार एकाच परिच्छेदात कोंबले तर वाचणाऱ्याला ते खटकते. पत्ते सुरू झाल्यावर नवा साइटमॅप (संकेतस्थळावरील पानांच्या पत्त्यांची यादी) सर्च कन्सोलमध्ये द्या, आणि सर्वांत आधी चिक्कीच्या गुळाच्या पानासाठी इंडेक्सिंगची (गूगलच्या सूचीत नोंद होण्याची) विनंती करा, कारण हंगाम तोंडावर आला आहे.